आजोबा नेव्हीत, ७१ ची लढाई, पेटीत पाच मेडलं आणि पत्रांचा गठ्ठा: यातून त्यांचं आयुष्य लिहायचं कसं?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे कळलं ते आधी माझ्या शब्दांत सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा. आजोबा नेव्हीत होते, २००९ ला गेले. आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि त्या दिवशी तिच्या हातात आजोबांच्या आयुष्यावरची वीस-पंचवीस पानांची पुस्तिका द्यायचीय. हाताशी काय, तर पत्र्याच्या पेटीतली पाच मेडलं, घडीवर फाटलेलं सर्व्हिस सर्टिफिकेट, युनिफॉर्ममधला एक फोटो आणि आजीला लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा. घरात लहानपणापासून ऐकलंय की आजोबांना वीरचक्र मिळालं आणि ते कराचीवरच्या हल्ल्यात होते. स्वतः आजोबा मात्र लढाईचा विषय निघाला की उठून बागेला पाणी घालायला जायचे. पत्रांतही लढाईचं अवाक्षर नाही, कौलं, शेणखत आणि शाळेची फी. म्हणून तुम्ही विचारताय की शूर नौसैनिक आणि घरचा माणूस असे दोन भाग करू का, आणि सुरुवात कुठून करू.

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, दोन भाग करू नका. का ते पुढे येईलच.

मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर हा कोण शहाणा असं वाटेल. मी तीस वर्षं नेव्हीत रायटर होतो. रायटर म्हणजे लेखक नव्हे हां, जहाजाच्या ऑफिसातला कारकून, रजा, पगार, ड्राफ्ट म्हणजे बदल्या, सर्व्हिस डॉक्युमेंटं हे सगळं ज्याच्या टेबलावरनं जातं तो. ७८ ला भरती झालो म्हणजे ७१ मी बघितलेलं नाही, पण मला ज्यांनी दमात घेऊन घडवलं ते चीफ, म्हणजे सीनियर सेलर, सगळे ७१ वाले. रिटायर झाल्यापासून माजी सैनिकांच्या घरच्यांना पेन्शनच्या कागदांत मदत करतो आणि त्या नादात असल्या पेट्या बऱ्याच उघडल्यात.

तुम्हाला वाटतंय माहिती कमी पडतेय. मला नाही वाटत तसं, तुमच्याकडे आहे तेवढं बहुतेक घरांत नसतं. तुमची अडचण निराळीये. तुम्ही मध्येच एका ओळीत लिहिलंयत, "मेडलवर चक्र वगैरे काही दिसत नाही, पण असेल." या "पण असेल" मध्ये सगळं आलं बघा. घरात सांगितलेली गोष्ट आणि पेटीतले कागद जुळले नाहीत तर आजोबा लहान होतील ही धास्ती आहे. ती धास्ती बाजूला ठेवून पेटी वाचायला घेऊ.

मेडलांपासून सुरू करू. तुम्ही लिहिलंयत की एक मेडल चांदीचं, पाच बाजूंचं, रिबन गडद निळी आणि मधोमध पांढरी बारीक रेघ. हे वीरचक्र नाही. वीरचक्र गोल असतं, त्यावर पाच टोकांचा तारा आणि मध्ये चक्र असतं आणि रिबन अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. तुमच्याकडे आहे ते नौसेना मेडल. १९६० साली सुरू झालेलं, धैर्यासाठी किंवा कर्तव्यावरच्या असामान्य निष्ठेसाठी एकेका माणसाला निवडून दिलं जाणारं. हे जहाजावरच्या सगळ्यांना वाटत नाहीत! हजारोंतून कुणाचं तरी नाव वर जातं, कॅप्टन शिफारस करतो, ती वरपर्यंत टिकते आणि शेवटी गॅझेटमध्ये छापून येते. म्हणजे घरातली गोष्ट खोटी नव्हती, नाव तेवढं बदललं. गावाकडे कुणी विचारलं की "काय मिळालं?" तर "नौसेना मेडल" कुणाला कळायचं नाही, "वीरचक्र" लगेच कळायचं. तसं ते चिकटलं असणार, बहुतेक घरांत असंच झालेलं असतं.

बाकीची चार. ताऱ्याच्या आकाराचं आहे ते पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार असणार, त्यावर काय कोरलंय ते भिंगातून वाचा. पश्चिमी निघालं तर ७१ ला आजोबा अरबी समुद्राच्या बाजूला, पूर्वी निघालं तर बंगालच्या उपसागराकडे, जिकडे विमानवाहू विक्रांत होती. आणि त्या रिबनवर कमळाच्या पानासारखं छोटंसं चिन्ह लावलेलं आहे का तेही बघा, ते असेल तर मेन्शन इन डिस्पॅचेस, म्हणजे लढाईच्या सरकारी अहवालात नावाचा खास उल्लेख, तो आणखी वेगळा मान. उरलेली तीन गोल म्हणताय ती माझ्या अंदाजाने संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल. ही त्या काळात सेवेत असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या छातीवर सापडतील, त्यामुळे त्यांना पराक्रमाची मेडलं म्हणू नका, पण टाकूही नका, तारखा बांधायला ती फार कामाची. कारण २५ व्या वर्षाचं मेडल आहे म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ ला माणूस युनिफॉर्ममध्ये होता, वाद संपला.

मेडलाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. ते कोरीव अक्षर म्हणजे तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा, तेव्हा कृपा करून त्याला ब्रासो लावून घासू नका, चकाकी येते आणि अक्षरं जातात. नाव नसेल तर लगेच नकली म्हणू नका. परेडला घालायला लोक टेलरकडनं कॉपी करून घ्यायचे आणि खरी मेडलं घरी ठेवायचे, कधीकधी खरी कुणा भावाकडे असतात.

इथे माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी वडिलांची मेडलं मला दाखवली, महावीरचक्र म्हणून. बघताक्षणी मी म्हटलं, छे हो, ही तर सगळी सर्व्हिस मेडलं. ते गप्प झाले, मेडलं रुमालात बांधली आणि गेले, परत फोन नाही. मी बोललो ते बरोबर होतं, पण तो माणूस चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर उभा होता ती मी अर्ध्या मिनिटात काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच दिलं नाही. त्या वडिलांनी सगळी नोकरी पाणसुरुंग काढणाऱ्या बोटींवर काढली होती, ते वाचून दाखवलं असतं तरी पुरलं असतं. तेव्हापासून मी "हे नाही" म्हणायच्या आधी "हे आहे" सांगतो. तुम्हीही घरच्यांना सांगताना तोच क्रम ठेवा, विशेषतः मोठ्या काकांना, ज्यांनी गावच्या सत्कारात वीरचक्र म्हणून सांगितलंय असं तुम्ही लिहिलंयत.

आता सर्टिफिकेट. त्यावर शिवाजी, आंग्रे, तलवार, परत शिवाजी अशी नावं आहेत आणि तुम्ही नेटवर तलवारचा फोटो शोधून कव्हरला लावलाय. तो काढा. तो २००३ सालच्या रशियन बनावटीच्या तलवारचा आहे, आजोबा तेव्हा नातवंडांना शाळेत सोडत असतील. नेव्हीत जुनी नावं नव्या जहाजांना देतात, खुकरी, त्रिशूल, विक्रांत, वीर, किल्तान, सगळी दुसऱ्यांदा आलीत. आजोबांची तलवार म्हणजे इंग्लंडमध्ये बांधलेली वाफेवरची फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराचं लढाऊ जहाज, १९५९ मध्ये नेव्हीत दाखल झालेली. फोटो शोधताना सालावरनं शोधा, नावावरनं नको.

दुसरं म्हणजे आयएनएस, इंडियन नेव्हल शिप, लिहिलं की ते जहाजच असतं असं नाही. जमिनीवरच्या ठाण्यांनाही आयएनएस म्हणतात. शिवाजी लोणावळ्याला आहे, डोंगरात, तिथे इंजिनवाल्यांचं ट्रेनिंग होतं. आंग्रे मुंबईत, किनाऱ्यावर. मी स्वतः हमलाला शिकलो, ते मालाडला मार्व्याच्या बाजूला. एका नातवाने "आजोबांनी आयएनएस शिवाजीवरून सात समुद्र पार केले" असं लिहिलं होतं, वाचून मी हसू आवरत होतो, पण चूक त्याची नाही, सांगणारं कुणी नसतं.

शिवाजी दोनदा आणि फोटोत बाहीवर पंख्यासारखं चिन्ह, म्हणजे प्रॉपेलर, म्हणजे आजोबा इंजिन रूमचे. स्टोकर, बॉयलर सांभाळणारे. दुसऱ्या बाहीवर एक नांगर असेल तर फोटो काढला तेव्हा ते लीडिंग रेट, पेटी ऑफिसरच्या खालचा हुद्दा, आम्ही किलिक म्हणतो. दोन नांगर एकमेकांवर असतील तर पेटी ऑफिसर. आणि त्याखालच्या व्हीसारख्या पट्ट्या म्हणजे हुद्दा नव्हे, त्या गुड कंडक्टच्या, वर्षं आणि वागणूक बघून मिळतात, आर्मीवाल्या नातेवाइकांनी त्यावरनं हवालदार ठरवलं असेल तर सोडून द्या.

स्टोकर होते हे तुमच्या पुस्तिकेसाठी सगळ्यात मोठं आहे माझ्या मते, मेडलापेक्षाही. त्याचं कारण सांगतो.

कराचीचा विषय निघाला की प्रत्येक घरातले आजोबा त्या हल्ल्यात असतात. ४ डिसेंबरच्या रात्री जो पहिला हल्ला झाला, ऑपरेशन ट्रायडंट, त्यात निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाइल बोटी होत्या आणि सोबत किल्तान आणि कच्छल ही जहाजं. त्या रात्रीमुळेच ४ डिसेंबरला नेव्ही डे असतो. एकेका मिसाइल बोटीवर माणसं जेमतेम तीसेक. आजवर मला जेवढ्या लोकांनी सांगितलंय की आमचे आजोबा त्या बोटींवर होते तेवढी माणसं खरंच चढली असती तर बोटी मुंबई बंदरातच बुडाल्या असत्या! तुमच्या सर्टिफिकेटावर मात्र तलवार आहे, आणि ८ आणि ९ डिसेंबरच्या मधल्या रात्री जो दुसरा हल्ला झाला, ऑपरेशन पायथन, त्यात विनाश ही मिसाइल बोट आणि तिच्यासोबत तलवार आणि त्रिशूल होत्या. विनाशने चार मिसाइल सोडली, कराची बंदरातल्या केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या, आपलं कुणी गेलं नाही.

म्हणजे घरची कराचीची गोष्ट खरी असू शकते. असू शकते एवढंच म्हणतो, कारण तलवारची तारीख नेमकी घडीवर आलीय आणि कागद तिथेच फाटलाय. १९७० ला चढले आणि ७२ ला उतरले असतील तर ते त्या रात्री तिथे होते. ७१ च्या जूनमध्ये उतरून आंग्रेला आले असतील तर नव्हते. नुसत्या अंदाजावर मी हो म्हणणार नाही आणि तुम्हीही छापू नका.

समजा होते. तरी त्यांनी काय बघितलं असेल? त्या फ्रिगेटला दोन बॉयलर आणि वाफेची टर्बाइनं. ॲक्शन स्टेशन्स, म्हणजे लढाईला सज्ज व्हायचा हुकूम, झालं की खालच्या माणसाच्या डोक्यावरची झाकणं बंद. तो पाण्याच्या पातळीच्या खाली, समोर बॉयलरच्या पाण्याची काच, प्रेशरचा काटा, आणि एक सतत डोक्यात की चिमणीतून काळा धूर जाता कामा नये, कारण धुरावरनं जहाज सापडतं. वरती काय चाललंय ते स्पीकरवर कुणी सांगेल तेवढंच. जळणाऱ्या टाक्यांचा उजेड ब्रिजवरच्या, म्हणजे वरून जहाज चालवणाऱ्या, लोकांनी बघितला, तोफेवरच्यांनी बघितला, स्टोकरला तो दुसऱ्या दिवशी मेसमध्ये ऐकायला मिळाला. ७१ च्या एका इंजिन रूम चीफला मी एकदा विचारलं होतं, लढाई कशी होती? तो म्हणाला, "गरम होती." बस. पुढे काही नाही. मला तेव्हा वाटलं टाळतोय, आता वाटतं त्याने नेमकं उत्तर दिलं होतं.

आजोबा बोलायचे नाहीत याचा अर्थ दरवेळी मोठं दुःख दडलंय असा काढू नका. असेलही. पण सगळ्यांना ऐकायची असते स्फोटाची गोष्ट, आणि ह्यांच्याकडे असते काचेतल्या पाण्याची. कोण ऐकणार.

कागद मिळवायचे कुठून? सेलर लोकांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतं. अर्ज तुमच्या नावाने करू नका, आजीच्या नावाने आणि आजीच्या सहीने करा, कारण फॅमिली पेन्शन तिला मिळते, रेकॉर्डवर नाव तिचं आहे, नातवाला आधी नातं सिद्ध करत बसावं लागतं. अर्जात सर्व्हिस नंबर, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, हुद्दा आणि नेमकं काय हवंय ते लिहा: कोणत्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत, आणि मेडलांची नोंद. "सगळी माहिती द्यावी" असं लिहिलं की काहीच मिळत नाही, हा माझा टेबलाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव. जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवा, तिथे रोज हेच काम चालतं. किती दिवस लागतील सांगता येत नाही, म्हणून आजच टाका.

नौसेना मेडल का मिळालं ते गॅझेट ऑफ इंडियात सापडेल, राष्ट्रपती सचिवालयाची अधिसूचना असते, ७१ च्या लढाईची बरीच नावं ७२ च्या अंकांत आहेत. साइटेशन, म्हणजे मेडल कशासाठी दिलं तो मजकूर, असलं तर तेच जसंच्या तसं छापा, त्याला विशेषणं जोडू नका. सरकारी भाषा कोरडी असते पण तिच्यात नेमकेपणा असतो, अमुक वाजता अमुक व्हॉल्व्ह, असं काही निघालं तर सोनं. आणि त्यात शौर्यासाठी म्हटलंय का कर्तव्यनिष्ठेसाठी तेही बघा, कारण शौर्यासाठी असेल तर दरमहा भत्ता असतो. आजीच्या पेन्शनमध्ये तो लागलाय का ते बँकेच्या पासबुकात आणि पीपीओवर तपासा. पुस्तिकेशी त्याचा संबंध नाही, पण राहून गेलेला पैसा मी पाहिलाय म्हणून सांगतो.

इथपर्यंतचं थोडक्यात: मेडलांच्या कडा वाचा, फोटोतल्या बाह्या वाचा, कव्हरचा फोटो बदला, आजीच्या सहीने मानखुर्दला अर्ज, ७२ चं गॅझेट. आणि वीरचक्र, कराची हे शब्द तोपर्यंत पेन्सिलीने.

आता पत्रं. तुम्ही म्हणताय त्यात काही नाही. तुम्ही ती एकेकटी वाचलीत म्हणून.

मी काय करतो ते सांगतो. मोठा कागद घेतो, मध्ये उभी रेघ. डावीकडे नेव्हीच्या तारखा, जहाज, कोर्स, बढती, लढाई. उजवीकडे घरच्या तारखा, लग्न, मुलांचे जन्म, वडील गेले, विहीर खणली, मुलगी आजारी, घराचं छप्पर. दोन्ही बाजूंना सालं एकाच ओळीत येतील असं. एवढं केलं की जे दिसायला लागतं ते नुसत्या मेडलांत पण दिसत नाही आणि नुसत्या पत्रांत पण नाही. म्हणून म्हटलं दोन भाग करू नका. दोन भाग केलेत की पहिल्या भागात एक पुतळा उभा राहील आणि दुसऱ्यात कुणाचेही असू शकतील असे एक प्रेमळ आजोबा.

एका घरातलं उदाहरण देतो, नाव-गाव सांगत नाही. वडील असेच इंजिन रूमवाले, पश्चिम किनाऱ्याच्या एका जहाजावर. बायकोला लिहिलेलं अंतर्देशीय, तारीख १३ डिसेंबर १९७१. मजकूर काय, तर मी खुशाल आहे, गोठ्याचा कूड संक्रांतीच्या आत करून घ्या, आणि बाळ्याला या मे महिन्यात काही करून पोहायला शिकवा, विहिरीवर कुणीतरी जाणतं माणूस बघा, टाळाटाळ नको. बस्स एवढंच. तो बाळ्या आता साठीच्या पुढे गेलाय, त्याने मला पत्र दाखवलं ते गंमत म्हणून, की बघा साहेब, डिसेंबरच्या थंडीत आमच्या बाबांना पोहणं सुचलं, लढाई चालू असताना! मी त्याला डावीकडचा रकाना दाखवला. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ खुकरी बुडाली. पाणबुडीचा टॉर्पेडो. १८ ऑफिसर आणि १७६ सेलर गेले, तिचे कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. वेस्टर्न फ्लीटमधल्या, म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या ताफ्यातल्या, प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्यावर होतं, कोर्समेट, गाववाला, मेसमध्ये एका ताटात जेवलेला. चार दिवसांनी एक बाप घरी लिहितो की पोराला पोहायला शिकवा. लढाईबद्दल लिहायची परवानगी नव्हती, पत्रं तपासली जायची, आणि परवानगी असती तरी त्याने बायकोला ते लिहिलं नसतं.

याला पुरावा म्हणाल तर नाही. पोहायचं त्याला आधीपासून डोक्यात असेल, कुणास ठाऊक. त्या घरच्यांना मी सांगितलं, पत्र छापा, खाली खुकरीची तारीख छापा आणि थांबा, मध्ये "म्हणून" लिहू नका. वाचणाऱ्याला जोडायचं असेल तर तो जोडेल.

तुमच्या गठ्ठ्यात असं काही निघेलच असं नाही. न निघण्याची शक्यताच जास्त. पण तारखेने लावून बघितल्याशिवाय कळणार कसं? पत्ता बघून फसू नका, कायम फ्लीट मेल ऑफिस मुंबईच असणार, जहाज कुठेही असो. पोस्टाचा शिक्का बघा. वडिलांच्या नावाने लिहिलेली पत्रं असतील तीही घ्या, त्या काळी पत्र तीर्थरूपांना आणि मजकूर बायकोसाठी हा प्रकार फार, "घरी सर्वांनी तब्येतीस जपावे" यातले सर्व म्हणजे कोण ते सगळ्यांना कळायचं. मनीऑर्डरची कुपनं कुठे चिकटलेली असतील तर तीही, त्यावरच्या दोन ओळींत लोक भरपूर लिहायचे.

आणखी एक तारीख शोधा, ती मेडलाइतकीच महत्त्वाची. त्या काळी बऱ्याच जणांची भरती दहा वर्षं ॲक्टिव्ह आणि दहा वर्षं फ्लीट रिझर्व्ह, म्हणजे घरी राहून बोलावलं तर हजर व्हायचं, अशा अटीवर व्हायची. आजोबा ५६ ला लागले म्हणजे ६६ च्या आसपास त्यांना विचारलं गेलं असणार, पुढे राहतोस का घरी जातोस. ते राहिले. पेन्शनला पंधरा वर्षं भरायला लागायची. तुमचे वडील ६५ चे म्हणता, म्हणजे मांडीवर वर्षाचं मूल आणि समोर हा कागद. ते राहिले नसते तर ७१ ला समुद्रावर नसते, मेडलही नसतं. आता ही सही लढाईच्या रकान्यात टाकणार का घरच्या? मला विचाराल तर पुस्तिकेचं मधलं पान हेच, फक्त आजीला विचारून घ्या तेव्हा घरात काय बोलणं झालं होतं, का पत्रानेच कळवलं.

आजीशी बोलायचं तंत्र सांगतो. मोबाइल समोर धरून "आजी, युद्धाच्या आठवणी सांग" म्हणालात की ती पेपरात वाचलेलं सांगेल. सगळ्याच सांगतात. तिला तिच्या बाजूचं विचारा. तेव्हा घरात कोण कोण होतं, रेडिओ कुणाकडे होता, आजोबा सुटीवर येणार हे कळायचं कसं, बोटीने यायचे का एसटीने, येताना काय आणायचे, किती दिवस राहायचे, परत जायच्या आदल्या रात्री काय जेवायला असायचं. ती भाजी निवडत असताना विचारा, हात कामात असले की तोंड मोकळं होतं. आणि मध्ये गप्प झाली तर पुढचा प्रश्न लगेच टाकू नका.

तुम्ही जाता जाता लिहिलंयत की आजोबा रोज रात्री नऊला सगळं घर फिरायचे, गॅसचा नॉब, नळ, मागची कडी, आणि नातवंडांचे बूट ओळीत लावायचे, आणि तुम्हाला सगळ्यांना त्याचा वैताग यायचा. अहो, ते राउंड्स! जहाजावर रात्री राउंड्स होतात, मेस आवरलेली, सगळं जागच्या जागी, झाकणं-व्हॉल्व्ह बघितलेले. एक माणूस वीस वर्षं ते करत होता आणि मग आणखी तीस-पस्तीस वर्षं तुमच्या घरात करत राहिला, त्याच्या घड्याळाप्रमाणे. माझीही बायको म्हणते, गॅस तीनदा काय बघता. मी तर नुसता कारकून होतो, बॉयलरसमोर उभा राहिलेल्या माणसाचं काय होत असेल. मी असतो तर पुस्तिका या फेरीपासून सुरू केली असती, रात्रीचे नऊ, आजोबा मागच्या दाराशी, आणि तिथनं मागे तलवारच्या बॉयलर रूममध्ये गेलो असतो. पण ते तुमचं तुम्ही ठरवा, मला लिहिण्यातलं फार कळत नाही.

मेडलांच्या कडांचे फोटो टाकलेत तर वाचून सांगेन. सर्व्हिस नंबरावर मात्र कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा, सगळ्यांसमोर नंबर नको.

आणि हे खरं तर मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. तुम्ही पत्रं "चाळली" असं लिहिलंयत, आजीला विचारून का ते लिहिलं नाहीत. ती पत्रं आजोबांची नाहीत, तिची आहेत, तिच्या नावाने आलेली. पुढचं पत्र उघडायच्या आधी तिला विचारा. हो म्हणाली तर तिलाच मोठ्याने वाचायला सांगा, किंवा तिच्यासमोर तुम्ही वाचा. एखादं बाजूला काढून ठेवलं तर ते पुस्तिकेत नाही. आणि नाहीच म्हणाली तर गठ्ठा होता तसा बांधून पेटीत ठेवा, उजवीकडचा रकाना ती तोंडी सांगेल तेवढाच भरा.